ओपन सोर्स प्रकल्पांनी राजकीय भूमिका घ्यावी का?

बाणेरकर

टेराफॉर्म (सर्व्हर-नेटवर्क कोड लिहून उभारायचं साधन) वापरणाऱ्यांना हे माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, नेटवर्क उभं करण्यासाठी एक तयार मॉड्यूल मिळतं. फुकट, उत्तम, जगभर वापरलं जाणारं. रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा, २०२२ मध्ये, त्यात एक नवं व्हेरिएबल आलं: पुतिन_खुयलो. वर्णनात प्रश्न विचारलाय की पुतिन युक्रेनचं सार्वभौमत्व मानत नाहीत हे तुम्हाला मान्य आहे का. डीफॉल्ट उत्तर 'ट्रू'. कुणी हौसेने 'फॉल्स' केलं तर व्हीपीसी (क्लाउडमधलं आपलं खासगी नेटवर्क) तयारच होत नाही, कारण ती बनवायची की नाही या अटीला हे व्हेरिएबल 'अँड' लावून जोडलंय. आणि 'खुयलो' ही चारचौघांत न उच्चारण्याजोगी शिवी आहे. २०१४ मध्ये खार्किवच्या फुटबॉलप्रेमींनी ही घोषणा दिली आणि ती देशभर पसरली.

आता आमच्या क्लायंटचा ऑडिटर विचारतोय, 'हे काय आहे आणि तुमच्या इन्फ्रात का आहे?' काय उत्तर देऊ?

युक्रेनबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, त्यावरून भांडायला येऊ नका. प्रश्न एवढाच आहे की सॉफ्टवेअर हे हत्यार-अवजार आहे, त्याने आपलं काम करावं. लेखकाची मतं त्याच्या ब्लॉगवर शोभतात. तुम्हाला काय वाटतं?

खट्याळ_कंपाइलर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. प्रतिसादांची शंभरी नक्की.

अर्धविराम

बाणेरकर, 'सॉफ्टवेअरने राजकारणात पडू नये' हे तुम्ही अशा चळवळीला सांगताय जी राजकारणातूनच जन्माला आली. फ्री सॉफ्टवेअर चळवळीच्या स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम जाहीर केली ते प्रिंटर नीट चालावा एवढ्यासाठी नव्हे. वापरणाऱ्यावर सत्ता कुणाची, कंपनीची की त्याची स्वतःची, हा सरळसरळ राजकीय प्रश्न होता. जीपीएल हे ग्नूचं लायसन्स, तो लायसन्सच्या भाषेत लिहिलेला जाहीरनामाच आहे. पीजीपी हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर १९९१ मध्ये आलं, तर अमेरिकेने शस्त्रास्त्र निर्यातीच्या कायद्याखाली लेखकाची चौकशी लावली आणि ती १९९६ पर्यंत चालली. मधल्या काळात पठ्ठ्याने सोर्स कोड चक्क पुस्तक म्हणून छापला, कारण पुस्तक निर्यात करायला बंदी नव्हती! हे राजकारण नाही तर काय?

तुम्ही ज्याला निव्वळ अवजार म्हणताय ते फुकटात तुमच्या हातात पडलं ते या राजकारणामुळे.

बाणेरकर

@अर्धविराम, मान्य, पण ते सॉफ्टवेअरचं स्वतःचं राजकारण झालं. एन्क्रिप्शन, पेटंट, कॉपीराइट यांवर प्रकल्पांनी बोललंच पाहिजे, त्यांच्या पोटावरचा पाय आहे तो. युद्ध, निवडणूक, कुठल्या देशाने कुणाचं काय केलं, हे वेगळं.

रात्रपाळी

मार्च २०२२ ची आठवण निघाली. नोड-आयपीसी नावाचं एक पॅकेज. बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं, पण वेबसाइट बनवायच्या व्ह्यू सीएलआय या साधनाच्या पोटात ते असायचं. लेखकाने एका आवृत्तीत असा कोड घातला की आयपी पत्त्यावरून मशीन रशिया किंवा बेलारूसमधलं वाटलं तर डिस्कवरच्या फाइल्समधला मजकूर पुसून तिथे हृदयाचा इमोजी लिहायचा. पुढच्या आवृत्त्यांत तो प्रकार काढला आणि नुसता शांतीसंदेश ठेवला. तो मात्र सगळ्या जगाला.

आमच्याकडे फ्रंटएंडच्या पोरांच्या डेस्कटॉपवर 'विथ लव्ह फ्रॉम अमेरिका' नावाची टेक्स्ट फाइल उगवली. एकाला वाटलं शेजारच्याने मस्करी केली, त्याने ती उडवली. बिल्ड केला, पुन्हा हजर. मग तिघांकडे. तेव्हा कुठे आम्हाला फोन आला की व्हायरस शिरलाय. सिक्युरिटीवाल्यांनी सगळ्यांचं नेटवर्क तोडलं, आणि आम्ही रात्रभर डिपेंडन्सीचं झाड (कुठलं पॅकेज कुणाच्या पोटात आहे ते) उकलत बसलो. शांतीसंदेश वाचायची शांतता कुणालाच नव्हती.

आयपीवरून देश ओळखणं किती कच्चं असतं हे इथल्या व्हीपीएनवाल्यांना सांगायला नको. शिवाय रशियात बसून पुतिनविरोधी साइट चालवणाऱ्याच्या फाइल्सही त्यात गेल्या असत्या.

पेठेतला

आमच्या पेठेच्या भाषेत सांगतो. गणपती मंडळाने देखाव्यात काय दाखवायचं ते दाखवावं. महागाई दाखवा, खड्डे दाखवा, एखाद्या मंत्र्याचा पुतळा करा. सार्वजनिक गणपती सुरूच मुळी राजकारणासाठी झाला. (१८९२ की १८९३, भाऊसाहेब रंगारी की टिळक, हा वाद इथे नको, हात जोडतो.) पटलं नाही तर मी पुढच्या मंडळात जाईन. पण प्रसादात काही घालायचं नाही. प्रसाद माणूस डोळे मिटून तोंडात टाकतो.

नोड-आयपीसीने प्रसादात घातलं.

खट्याळ_कंपाइलर

@पेठेतला जे बात! आणि टेराफॉर्मवाल्याने प्रसाद देताना आधी घोषणा द्यायला लावली.

बाणेरकर

घोषणा आपल्या वतीने आधीच देऊन ठेवलीय, डीफॉल्ट ट्रू!

निवृत्त_कारकून

तुमची चर्चा वाचतोय, अर्धी डोक्यावरून गेली. मी बँकेतून निवृत्त झालो, ओपन सोर्स म्हणजे काय ते नातवाने सांगितलं तेवढंच ठाऊक. त्याने मला तो नारिंगी शंकूवाला प्लेअर टाकून दिला आहे. त्यात जुनी नाट्यगीतं ऐकतो. त्यातही राजकारण आहे का हो?

अनुजा_डब्लिन

काका, तुमच्या शंकूवाल्या व्हीएलसीने राजकारण केलं नाही, राजकारण त्याच्या दारात आलं. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात त्यांची वेबसाइट उघडेना. आधीपासून टाकलेला प्लेअर चालत होता म्हणून बहुतेकांना पत्ता लागला नाही. आपल्याला ना नोटीस मिळाली ना सुनावणी, अशी व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेची तक्रार होती. ऑक्टोबरमध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने त्यांनी सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. गप्प राहिले असते तर साइट कदाचित आजही बंद असती. मे २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या सुरक्षेचं कारण देऊन १४ मेसेजिंग ॲप बंद केली, त्यांत एलिमेंट आणि ब्रायर ही ओपन सोर्स ॲपही होती.

मूळ मुद्द्यावर येते. माझं रोजचं काम लायसन्स तपासण्याचं, त्यामुळे माझी खरी भीती लायसन्समधल्या राजकारणाची. फलकावर काही लिहिलं तर पुसता येतं. लायसन्समध्ये लिहिलेलं राहतं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने पूर्वी सर्किट डिझाइनच्या एका प्रोग्रामच्या लायसन्समध्ये घातलं होतं की दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी हा वापरू नये. वर्णद्वेषाच्या काळात त्याला कोण चूक म्हणेल? पण १९९४ मध्ये मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, आता पोलीस त्यांचे, आणि कागदावर कलम तसंच. ओपन सोर्सच्या व्याख्येत 'कुठल्याही व्यक्तीशी, गटाशी भेदभाव नको' आणि 'कुठल्याही कामासाठी वापरायला आडकाठी नको' अशी दोन कलमं आहेत. पहिल्याचं समर्थन करताना ती व्याख्या लिहिणाऱ्या ब्रूस पेरेन्स यांनी हेच उदाहरण दिलं होतं.

जेसॉनचं (डेटा लिहायच्या एका पद्धतीचं) लायसन्स तर विनोदच. 'हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाइटासाठी नाही.' वाचायला गोड. पण 'वाईट' म्हणजे काय हे कोर्टात कोण ठरवणार, म्हणून डेबियन या लिनक्स प्रकल्पाने ते नाकारलं आणि अपाचे या ओपन सोर्स संस्थेने २०१६ मध्ये आपल्या प्रकल्पांत बंद केलं. लेखक क्रॉकफर्ड स्वतःच सांगायचे की एका बड्या कंपनीच्या वकिलांनी वाईट कामाची परवानगी मागितली आणि त्यांनी ती देऊनही टाकली!

जास्वंद

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. इथे सगळ्यांचा सूर असा की बोला पण कुणाला त्रास होईल असं करू नका. ज्याचा कुणालाच त्रास नाही त्या निषेधाला विचारतो कोण?

सप्टेंबर २०१९ आठवा. सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या शेफ कंपनीचं अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याशी, आइसशी, कंत्राट असल्याचं उघड झालं. सीमेवर आईबापांपासून मुलं तोडली म्हणून त्या वेळी या खात्यांविरुद्ध रान उठलं होतं. शेफच्या एका माजी इंजिनिअरने आपलं शेफ-शुगर हे जेम (रूबी भाषेतलं पॅकेज) काढून घेतलं. स्वतःचा कोड, स्वतःचं नाव. लोकांची डिप्लॉयमेंट अडकली, कंपनीने आधी टाळाटाळ केली, आणि काही दिवसांत कंत्राटाचं नूतनीकरण करणार नाही असं जाहीर केलं. नुसता ब्लॉग लिहून हे झालं असतं?

बाणेरकर, 'अवजार' म्हणणं सोपं आहे कारण ते अवजार आपल्यावर चाललेलं नाही.

गोगलगाय

@जास्वंद, शेफ-शुगरवाल्याने स्वतःची वस्तू परत नेली, तो त्याचा हक्क. नोड-आयपीसीने दुसऱ्याच्या घरात शिरून फोडाफोड केली. दोन्हींना 'त्रास' या एकाच खात्यावर मांडू नका.

मला जास्त बोचते ती दुसरी गोष्ट. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या मेंटेनरांच्या, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांच्या, यादीतून डझनभर रशियन नावं एका पॅचने काढली. कारण एका ओळीत: नियमपालनाच्या गरजा. पुरेशी कागदपत्रं दिली तर परत येता येईल. लोकांनी जाब विचारल्यावर लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स म्हणाले की मी फिनलंडचा आहे, रशियाच्या आक्रमणाला पाठिंबा देईन असं वाटलं का. अहो, पण प्रश्न तो नव्हता. ड्रायव्हर सांभाळणाऱ्या माणसाने रणगाडा चालवला नव्हता.

आणि आपण भारतीयांनी यात फार खूश होऊ नये. १९९८ मध्ये पोखरणनंतर अमेरिकेने आपल्या कितीतरी संस्थांना निर्बंधांच्या यादीत टाकलं होतं. तेव्हा गिटहब (कोड ठेवायची अमेरिकन साइट) असतं तर? २०१९ मध्ये इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांची गिटहब खाती एका रात्रीत आखडली होती. खासगी रेपॉझिटरी उघडेनात. इराणपुरती परवानगी अमेरिकन सरकारकडून मिळवायला जानेवारी २०२१ उजाडलं.

अर्धविराम

@गोगलगाय, लिनक्सचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तो ॲक्टिव्हिझम नव्हता, कायद्याचा बडगा होता. लिनक्स फाउंडेशन अमेरिकेत नोंदलेली आहे. 'आम्ही तटस्थ' म्हणून सुटका होत नाही हेच त्यातून दिसतं. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम कॅनडात राहिली ते क्रिप्टोग्राफीच्या अमेरिकन निर्बंधांपासून लांब राहायला. तरी २००३ मध्ये तिचे प्रमुख थिओ द राट इराक युद्धाविरुद्ध वर्तमानपत्राशी बोलले आणि लगोलग डार्पाचा (अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा) निधी थांबला. प्रकल्प नाही, माणूस बोलला होता. ब्लॉगवर मतं मांडा म्हणता ना? किंमत तिथेही पडते.

गोगलगाय

किंमत पडते हे मान्य. ती बोलणाऱ्याने मोजावी, वापरणाऱ्याने का?

खट्याळ_कंपाइलर

माझ्या मते जगातला सर्वांत यशस्वी ॲक्टिव्हिस्ट म्हणजे विम हा टेक्स्ट एडिटर. विम उघडा, मध्यभागी लिहून येतं, युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. विमचे लेखक मोलेनार २०२३ मध्ये गेले, पण तिथल्या किबालेच्या मुलांसाठी पैसे अजून गोळा होतात. आणि संदेश पोचतोच, कारण विममधून बाहेर कसं पडायचं ते कुणाला माहीत नाही. :)

पेठेतला

:wq (घ्या, बाहेर पडायची कमांड)

म्हापशेकर

थोडं लांबण लावतो, माफी असावी.

नवी मुलं समजतात की ओपन सोर्सवाल्यांचं राजकारण म्हणजे बॅनर आणि शिव्या. आपल्याकडे झालेलं काम बघा. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने पेटंट कायद्यात वटहुकूमाने बदल केला आणि सॉफ्टवेअर पेटंटला दार किलकिलं केलं. फ्री सॉफ्टवेअरवाले खासदारांना भेटले, निवेदनं दिली, डाव्यांनी संसदेत लावून धरलं. २००५ चा कायदा आला तेव्हा ती दुरुस्ती गळालेली होती. नुसत्या संगणक प्रोग्रामला पेटंट नाही हे कलम ३(के) तसंच राहिलं.

ऑगस्ट २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने मार्गदर्शक सूचना काढून मागच्या दाराने तेच आणलं. पुन्हा पत्रं, पुन्हा निवेदनं. डिसेंबरमध्ये सूचना स्थगित झाल्या, फेब्रुवारी २०१६ मध्ये सुधारून आल्या. (२०१७ मध्ये त्या पुन्हा सैल केल्या. हे काम कधी संपत नाही.) त्याच फेब्रुवारीच्या ८ तारखेला ट्रायने भेदभावाच्या डेटा दरांवर बंदी घातली आणि फेसबुकचं फ्री बेसिक्स गुंडाळलं गेलं. त्या मोहिमेत फ्री सॉफ्टवेअरच्या गटांनी कॉलेजाकॉलेजांत फिरून मुलांना नेट न्यूट्रॅलिटी समजावली होती.

यातली एकही लढाई कुणाच्या डेस्कटॉपवर फाइल टाकून जिंकलेली नाही. कंटाळवाणं काम होतं, मसुद्याच्या कलमावर टिपणं काढायचं. असलं राजकारण करायला आज माणसं मिळत नाहीत, बॅनर लावायला पन्नास मिळतात.

जास्वंद

@म्हापशेकर, शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. बॅनर लावणारीच काही पोरं पुढे मसुद्यावर बसतात.

शून्य_एक

अवांतर: भूमिका घ्यायचीच नाही असं ठरवलं तरी ते जमत नाही. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये आपलं घड्याळ एशिया/कोलकाता. कित्येक जुन्या सिस्टिममध्ये अजून कलकत्ता दिसतं. युरोप/किएव्हचं किइव्ह करावं ही मागणी अनेक वर्षांची, झालं २०२२ मध्ये. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा सीमा काढताना प्रत्यक्ष ताबा कुणाचा ते बघतं, त्यामुळे काश्मीरचा नकाशा आपल्या सरकारला हवा तसा दिसत नाही. रेघ कुठेतरी काढावीच लागते.

पाटावरचा

@शून्य_एक म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप देशद्रोही? असले नकाशे वापरणाऱ्यांना आधी पाकिस्तानात

व्यवस्थापक

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवलाय, उरलेला उडवला. देशातलं पक्षीय राजकारण आणि एकमेकांची प्रमाणपत्रं या धाग्यावर नकोत. पुढच्या वेळी आयडी गोठवला जाईल.

खट्याळ_कंपाइलर

मंचाने राजकीय भूमिका घेतली! घेतली!

कळफलक

मी मराठी स्थानिकीकरणाचं काम करते, मेन्यू-संदेश मराठीत आणायचं. आमच्या गटात एक शाखेत जाणारे काका आहेत, एक समाजवादी युवक चळवळीतली बाई आहेत, दोन मुलं नुसती शुद्धलेखनावरून भांडतात. हे काम चालतं कारण 'सेव्ह'ला 'जतन करा' म्हणायचं की 'साठवा' एवढ्यावरच आमचं मतदान होतं. उद्या मी रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीपानावर) माझ्या पसंतीचा झेंडा लावला तर काका उद्याच सोडतील. झेंडा त्यांच्या पसंतीचा असला तर मी सोडेन. मग 'साठवा' कोण साठवणार? मोठ्या प्रकल्पांना माणसं मिळतात, मराठीला मिळत नाहीत.

म्हणून 'भूमिका घ्यावी का'च्या आधी मला विचारावंसं वाटतं की घेणार कोण. टेराफॉर्मच्या त्या मॉड्यूलसारखं किंवा नोटपॅड++ या एडिटरसारखं एकहाती काम असेल तर ती त्या माणसाची मर्जी. नोटपॅड++ ने २०१९ मध्ये आवृत्तीलाच 'फ्री उइघुर' नाव दिलं, चिनी शिव्यांचा गिटहबवर पाऊस पडला, लेखकाने तो झेलला. पण शेकडो लोकांचा प्रकल्प असेल तर एकाने सगळ्यांच्या नावाने सही कशी करायची? डेबियनने २०२१ मध्ये हे नीट केलं. स्टॉलमन एफएसएफच्या (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या) मंडळावर परतले तेव्हा त्यांचा निषेध करा, पाठिंबा द्या, मधलं काहीतरी करा, असे बरेच पर्याय मतदानाला ठेवले. जिंकला 'या विषयावर डेबियन कुठलंही निवेदन काढणार नाही' हा पर्याय. उलट निक्सओएस या लिनक्स प्रकल्पात ॲन्ड्युरिल या शस्त्रकंपनीचं प्रायोजकत्व घ्यायचं का यावरून २०२३-२४ मध्ये इतकं फाटलं की लोक सोडून गेले, संस्थापकाला मंडळावरून जावं लागलं. तिथे 'राजकारण नको' म्हणणंही एक बाजू धरली गेली, कारण पैसे तर घ्यायचे होते.

जास्वंद

@कळफलक, तुमच्या गटापुरतं पटतं. पण डेबियनने 'निवेदन नाही' म्हटलं तेव्हा काही जणांना ते 'आम्हाला फरक पडत नाही' असंच ऐकू आलं असणार.

कळफलक

असेलही. पण मत मोजून गप्प राहणं आणि मत न विचारता गप्प बसवणं यात फरक आहे की नाही?

बाणेरकर

थोडा सरकलोय मी. म्हापशेकर आणि कळफलक यांच्यानंतर 'ब्लॉगवर बोला' हे माझं वाक्य फार तोकडं वाटतं. प्रकल्पांनी बोलावं, मत घेऊन बोलावं. पण माझ्या मशीनवर चालणाऱ्या कोडमध्ये नको, यावर मी ठाम. ऑडिटरला मी सगळं लिहून दिलं: व्हेरिएबल काय करतं, डेटा कुठे जात नाही, धोका शून्य. त्याने शेरा मारला, 'आक्षेपार्ह भाषा, पर्याय तपासावा.' मॉड्यूल फोर्क केलं (आपली वेगळी प्रत काढली) तर पुढचे सगळे अपडेट आम्हालाच ओढायचे, त्यामुळे क्लायंटने सध्या 'धोका स्वीकारला' अशी नोंद केलीय.

अर्धविराम

म्हणजे आता क्लायंटनेही अधिकृत भूमिका घेतली. :)

सातारकर_नवशिका

मोठ्या लोकांची चर्चा वाचून घाबरलो. आमची चार जणांची कंपनी, सगळं एनपीएमवरच्या (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातल्या) पॅकेजांवर. उद्या कुठल्या लेखकाला कुठल्या देशाचा राग आला तर आम्ही काय करायचं?

रात्रपाळी

@सातारकर, लॉक फाइल (कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती त्याची यादी) गिटमध्ये ठेवा आणि सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल' न करता 'एनपीएम सीआय' करा, म्हणजे लॉक फाइलमधली आवृत्तीच येईल. इन्स्टॉल स्क्रिप्ट जमेल तिथे बंद ठेवा. नवी आवृत्ती आली की लगेच उडी मारू नका, आठवडाभर लोकांची ओरड होते का बघा. नोड-आयपीसीचा बोभाटा आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत झाला होता. आणि ज्या पाच-सहा पॅकेजांवर धंदा चालतो त्यांच्या इश्यूंवर महिन्यातून एकदा नजर टाका. लेखक वैतागलाय का ते तिथे आधी कळतं.

सातारकर_नवशिका

धन्यवाद दादा. सीआयचं माहीत नव्हतं, आजच बदलतो.

निवृत्त_कारकून

अनुजाताई, आभार. नातवाला विचारलं, तो म्हणाला व्हीएलसीला देणगी देता येते. पण त्यांच्या साइटवर युपीआय दिसत नाही. कसे पाठवायचे कुणी सांगेल का?